मुकादमाचा चेहरा गेला, मुकादमी राहिली

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या गेटवर रात्री साडेआठनंतर गेलं की पंधरा-वीस बाइक उभ्या दिसतात. पोरं सीटवर तिरकी बसलेली, पाठीला चौकोनी बॅग, नजर हँडलला अडकवलेल्या मोबाइलवर. आत हॉटेलं आहेत, ऑफिसं आहेत. ही पोरं ऑर्डर पडायची वाट बघत असतात. एखाद्याचा फोन वाजतो, तो बाइक चालू करतो आणि आत वळतो. बाकीच्यांच्या माना पुन्हा खाली.

माझे वडील साठच्या दशकात असेच गिरणीच्या गेटवर उभे राहायचे. ते 'बदली' होते, म्हणजे कायम न झालेले कामगार. सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत गेटवर पोचायचं. कायम कामगारांपैकी कोण आलं नाही हे मुकादम बघणार आणि 'तू चल, तू चल' करत लागतील तेवढी माणसं आत घेणार. उरलेल्यांनी खोलीवर परत जायचं. त्या दिवसाचा पगार नाही. अशी कित्येक वर्षं काढल्यावर ते कायम झाले.

या दोन गेटांच्या मधल्या साठ वर्षांत जे बदललं, त्याला समाजशास्त्रात 'औद्योगिकोत्तर समाज' असं नाव आहे. उत्तर म्हणजे नंतरचा. कारखान्यांच्या काळानंतर आलेला समाज. माहिती तंत्रज्ञानाने या समाजाचं काय केलं, हे समजून घ्यायला मला ही दोन गेटं पुरेशी वाटतात.

आधी त्या नावाबद्दल. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल यांनी १९७३ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी संपत्ती जमिनीतून यायची, मग यंत्रातून यायला लागली, आता ती ज्ञान आणि माहितीतून येईल. बहुसंख्य लोक वस्तू बनवण्याऐवजी सेवा देतील आणि शिकलेल्या, तांत्रिक काम करणाऱ्या वर्गाला सगळ्यात जास्त महत्त्व येईल. अमेरिकेत १९५६ मध्येच ऑफिसात काम करणाऱ्यांची संख्या कारखान्यातल्या कामगारांहून जास्त झाली होती. बेल यांना हा बदल कुठे चाललाय ते दिसत होतं.

त्यांचा भर शिकलेल्या वर्गावर होता. पण त्या वर्गाभोवती आणखी एक वर्ग उभा राहतो. संगणकावर बसणाऱ्या माणसाला जेवण पोचवणारा, त्याची गाडी चालवणारा, ऑफिसच्या दारावर उभा राहणारा, त्याचं बाळ सांभाळणारी. समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो या शहरांचा अभ्यास करून १९९१ मध्ये हेच दाखवलं: वरच्या पगाराच्या नोकऱ्या जिथे गोळा होतात, तिथेच खालच्या पगाराच्या नोकऱ्याही वाढतात, आणि मधल्या, म्हणजे कारखान्यातल्या कायम कामगारासारख्या, नोकऱ्या आक्रसतात. परळला हे बघायला पुस्तक लागत नाही. संध्याकाळी गेटवर उभं राहिलं की दिसतं.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पीळ आहे. अमेरिका, इंग्लंडमध्ये माणसं शेतातून कारखान्यात गेली आणि बऱ्याच काळाने कारखान्यातून ऑफिसात. भारतात कारखान्यांत माणसं पुरती सामावलीच नाहीत. देशाच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा सेवाक्षेत्राचा आहे आणि शंभरातले चाळीसहून जास्त कामकरी अजून शेतीवर आहेत. आयटी उद्योगात थेट नोकरी करणारे पन्नास लाखांच्या थोडे वर. आकडा मोठा वाटतो, पण देशातल्या कामकऱ्यांमध्ये तो जेमतेम शंभरात एक भरतो. गावाकडून निघालेला मुलगा हिंजवडीच्या कंपनीत संगणकासमोर बसेल याच्यापेक्षा त्याच कंपनीच्या गेटवर पार्सल घेऊन उभा राहील ही शक्यता जास्त.

मुंबईचं उदाहरण मी घेतो, कारण इथे हा बदल एकाच जमिनीवर घडला. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरणगाव उभं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. आमच्या चाळीत त्या वर्षी कोणाच्या घरातली भांडी विकली गेली, कोण गावाला परत गेलं, हे मला अजून खोलीवार सांगता येईल.

मग जमिनीची गोष्ट सुरू झाली. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी होणार ती फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल मान्य केला. सार्वजनिक वाट्याला आलेली जमीन त्यामुळे फार थोडी उरली. जिथे साचे, म्हणजे माग, धडधडत होते तिथे काचेची ऑफिसं आली. घरांसाठी कामगार आणि वारसांचे दीड लाखाहून जास्त अर्ज आहेत. त्यांतल्या अनेकांना आता मुंबईपासून लांब, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीची घरं दाखवली जातात.

यातून एक परिणाम झाला, त्याची चर्चा कमी होते. गिरणी कामगार पायी कामावर जायचा. घर आणि गिरणी यांच्यात चालत जाण्याएवढंच अंतर असायचं, म्हणून तर लालबाग-परळच्या चाळी तिथे उभ्या राहिल्या. आज त्याच जमिनीवर काम करणारी बहुतेक माणसं विरार, डोंबिवली, पनवेलहून येतात. ऑफिसं उभी राहिली, पण स्टेशनांचे पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या पुलावरून मी शाळकरी वयात असंख्य वेळा गेलो आहे. माहितीवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेला जागा लागत नाही असं म्हणतात. माणसांना मात्र लागते, आणि ती त्यांना कोणी ठेवली नव्हती.

आता मुख्य मुद्दा. माहिती तंत्रज्ञान नेमकं काय करतं?

गिरणीला छप्पर का होतं याचा विचार करा. यंत्रं एका इंजिनावर चालायची, हे एक कारण. दुसरं कारण देखरेखीचं. हजार माणसं वेळेवर आली का, नीट काम करतात का, माल कुठे जातो, हे बघायला ती एका भिंतीच्या आत, एका घड्याळाखाली असावी लागायची. मुकादम हिंडून लक्ष ठेवू शकेल एवढीच त्याची हद्द. म्हणजे मालकाला देखरेख हवी होती म्हणून त्याला माणसं एकत्र आणावी लागली. आणि एकत्र आलेली माणसं बोलतातच. कोणाला किती पगार, कोणाची बदली मारली, कोणाचं बोट कापलं, हे जेवणाच्या सुट्टीत खात्याभर व्हायचं. खानावळीत एकाच बाईच्या हातचं जेवणारे पंधरा जण एकमेकांची उधारी ओळखून असायचे. संघटना काही आभाळातून पडली नाही. ती या गर्दीतून आली.

गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्यांत आठवड्याची एक सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर व्हावा असंही होतं. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रिया बोलल्या, आणि त्या जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. साडेपाच हजार सह्या घ्यायला माणसं एका जागी सापडावी लागतात. गेटवर उभं राहिलं की ती सापडायची.

मोबाइलने देखरेखीला छपराची गरज ठेवली नाही. जीपीएस सांगतं माणूस कुठे आहे. ॲप सांगतं त्याने ऑर्डर किती मिनिटांत उचलली. गिऱ्हाइकाचे तारे सांगतात तो नीट वागला का. हजार मुलं हजार गल्ल्यांमध्ये असली तरी प्रत्येकावर मुकादमापेक्षा बारीक नजर ठेवता येते. मग त्यांना एकत्र आणायचं कशाला? माझ्या मते माहिती तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा सामाजिक परिणाम हा आहे. देखरेख राहिली, वाढली, पण तिच्यामुळे माणसं एकत्र यायची ते थांबलं.

पोरांचं काम कसं चालतं ते मी गेटवरच्या एका मुलाकडून समजून घेतलं. साताऱ्याकडचा, बावीस-तेवीसचा, बारावी झालेला. ऑर्डर कोणाला द्यायची हे माणूस ठरवत नाही. कोण जवळ आहे, कोण मोकळा आहे, कोणाचा मागचा रेकॉर्ड कसा आहे, असं बरंच काही जुळवून सॉफ्टवेअर ठरवतं. दर ठरलेला नाही. अंतर, वेळ, पाऊस, मागणी याप्रमाणे तो हलतो. वर इन्सेन्टिव्ह असतो: इतके तास लॉगइन, इतक्या ऑर्डर, मग इतके रुपये. 'काका, शेवटच्या दोन ऑर्डर बाकी असल्या ना, की फोन गप्प बसतो,' तो म्हणाला. मी विचारलं, 'मुद्दाम?' तो म्हणाला, 'काय माहीत. विचारायचं कोणाला?'

त्याचं हे 'विचारायचं कोणाला' मी घरी घेऊन आलो.

मुकादम चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. तो दस्तुरी, म्हणजे काम देण्याबद्दल पैसे, घ्यायचा, आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसाला आधी घ्यायचा, बाईमाणसांना त्याचा त्रास व्हायचा. माझ्या वडिलांनीही कायम होण्याआधी त्याचे हात ओले केले होते. पण मुकादम कुठे राहतो हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला दारात जाऊन जाब विचारता यायचा. संध्याकाळी तो त्याच नाक्यावर भेटायचा, गणपतीत त्याच मंडळात असायचा. खात्यातली माणसं बिथरली तर मालकासमोर त्याचीच पत जायची, म्हणून त्याला ती सांभाळावीही लागायची. त्याच्या सत्तेला चेहरा होता, म्हणून तिला मर्यादा होत्या.

ॲपने दस्तुरी घालवली. आडनाव न विचारता काम दिलं. हा फायदा खरा आहे आणि ज्यांना नाक्यावरून हाकललं गेलं आहे त्यांना तो जास्त कळतो. आठ दिवसांत कामाला लागता येतं, ओळख लागत नाही. पण एके दिवशी सकाळी 'आयडी ब्लॉक' असं आलं की त्या मुलाला जायला दार नाही. हेल्पलाइनवर ठरलेली उत्तरं येतात. तक्रार कोणी केली, खरी का खोटी, किती दिवसांसाठी, काही कळत नाही. दुसऱ्या मुलाला त्याच ऑर्डरचे किती मिळाले हेही त्याला दिसत नाही. कंपनीला मात्र सगळ्यांचं सगळं दिसतं. गिरणीत विणकराच्या कामाचा दर खात्याला माहीत असायचा. त्यावर भांडण करता यायचं, कारण तो आकडा दोन्ही बाजूंना दिसत होता.

काचेच्या आत बसलेल्यांचं काय? त्यांचा पगार चांगला, खुर्ची चांगली. मुंबईच्या गिरण्यांतून बायका हळूहळू बाहेर ढकलल्या गेल्या होत्या. आयटीत आज एक तृतीयांशाहून जास्त स्त्रिया आहेत, आणि आमच्या चाळीतल्या तीन मुली त्या नोकऱ्यांवर घर उभं करून बसल्या आहेत. हे मी फार मोठं मानतो. पण भोंगा त्यांनाही नाही. गिरणीचा भोंगा क्रूर होता, तरी तो पाळी संपल्याचंही सांगायचा. अमेरिकेच्या वेळेत चालणारी मीटिंग रात्री अकराला लागते, लॅपटॉप जेवणाच्या ताटाशेजारी उघडा असतो, आणि घरातल्यांना 'श्श्' करून गप्प बसवलं जातं. माझ्या भाचीला कामावरून कमी केल्याचं मेलवरून कळलं. दुपारी पास बंद, लॉगइन बंद. तिच्या टीममधले आठ जण आठ शहरांत. कोणी कोणाला भेटलंही नाही. कामगार आहोत असं तिला कधी वाटलं नव्हतं, त्या दुपारपर्यंत.

सरकारच्या दारातही हेच घडतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. आज रेशन दुकानात अंगठा लागतो. मशीनमुळे दुकानदाराची खोटी नावं, परस्पर उचललेलं धान्य यांना आळा बसला. पण ज्या बाईचा अंगठा आयुष्यभर विटा उचलून, भांडी घासून झिजला आहे तिला ऐकावं लागतं, 'मशीन घेत नाही.' दुकानदार म्हणतो माझ्या हातात नाही, तहसीलचा पुरवठा विभाग म्हणतो सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. बाई रिकामी पिशवी घेऊन घरी जाते. पूर्वी दुकानदार नाही म्हणायचा तेव्हा निदान त्याच्याशी भांडता यायचं.

यावर उपाय नाहीत असं अजिबात नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की उबरचे चालक स्वतंत्र धंदेवाले नसून कामगार आहेत, त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा मिळाली पाहिजे. न्यायालयाने जे बघितलं त्यात हेही होतं: भाडं कोण ठरवतं, नाकारलं तर शिक्षा कोण करतं. स्पेनने त्याच वर्षी कायदा करून कामगार प्रतिनिधींना सॉफ्टवेअरचे नियम जाणून घेण्याचा हक्क दिला. आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवरून काम मिळणाऱ्या कामगारांसाठी पहिला कायदा केला. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात काम बंद करण्याआधी १४ दिवसांची सूचना आणि कारण देण्याची तरतूद आहे. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग' (सुटं, कामापुरतं काम करणारे) आणि 'प्लॅटफॉर्म' (ॲपवरून काम घेणारे) कामगार हे शब्द पहिल्यांदा कायद्यात आणले. ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. तिच्याप्रमाणे कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, कल्याण निधीत टाकायची आहे.

निधी हवाच. अपघात झाला, पाय मोडला, तर घरी चूल पेटली पाहिजे. पण मला स्पेन आणि कर्नाटकच्या तरतुदी जास्त मोलाच्या वाटतात. दर कसा ठरतो ते सांगा, काढायचं तर कारण द्या आणि ऐकून घ्यायला माणूस बसवा. नीती आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या माणसांना मालकाचं दार माहीत नसणं ही साधी गोष्ट नाही. देशातली पहिली मानली जाणारी कामगार संघटना महाराष्ट्रात निघाली, रविवारची सुट्टी इथून मिळाली. असा कायदा करायला आपण मागे का राहावं, हे मला समजत नाही.

पोरं स्वस्थ बसलेली नाहीत, हे मला गेटवरच कळलं. त्या साताऱ्याच्या मुलाने बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून दोनशे पानी वही काढली. शाळेची असते तशी, वरच्या कव्हरला प्लास्टिक. आत पेनाने आखलेले रकाने: तारीख, कुठून, कुठे, ॲपने दाखवलेले किलोमीटर, बाइकच्या मीटरचे किलोमीटर, मिळालेले पैसे. चौथा आणि पाचवा रकाना बऱ्याच ठिकाणी जुळत नव्हता. कुठे चारशे मीटर, कुठे एक किलोमीटर. दर रविवारी रात्री तो पानाचा फोटो काढून परळ-वरळीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आता आणखी अकरा जण अशी वही ठेवतात. एकाच ऑर्डरचे दोघांना वेगवेगळे पैसे मिळाले तर त्याला ते लाल पेनाने गोल करतात.

'कामगार आयुक्तांकडे जाताना लागेल असं एक वकील म्हणाले,' तो म्हणाला. 'तोंडी सांगितलं तर कोण ऐकतं?'

मी वही चाळत होतो तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने हात पुढे केला. 'द्या काका, घ्यायला थोडेच सेकंद असतात.' वही कप्प्यात गेली, चेन लागली, आणि तो गेटातून आत गेला. वॉचमनने त्याला बाइक बाहेरच लावायला सांगितली.